पानांच्या हंगामात आलेली सोमी

आज सकाळी बेसा चौकात भाजी घेत होते, तेवढ्यात एक ट्रक येऊन थांबला. पोत्यांची उंच रास, वर ताडपत्री, दोरखंडांनी करकचून बांधलेली. ट्रक पुन्हा सुरू झाला आणि मागे वास सोडून गेला. वाळलेल्या तेंदूपानांचा वास. थोडा चहापत्तीसारखा, थोडा उन्हात तापलेल्या गवतासारखा, आणि त्यातून मागाहून जाणवणारा तुरटपणा. भाजीवाला कोथिंबिरीची जुडी धरून विचारत होता, "काकू, सांबार टाकू का?" दोनदा विचारलं, असं तो म्हणतो. मला ऐकूच आलं नाही.

मे महिना आला की नागपुरात सगळ्यांनाच काही ना काही आठवतं. कुणाला कुलरच्या ताट्यांवर पाणी मारल्यावर येणारा वाळ्याचा वास, कुणाला गच्चीवरच्या खाटा, कुणाला पन्हं. मला एक खाट आठवते. लोखंडी, पांढरा रंग उडालेली, स्त्रियांच्या सर्जिकल वॉर्डातल्या खिडकीखालची. आणि तिच्यावर पाठ टेकवून बसलेली सोमी.

ऐंशीचं दशक अर्धं सरत आलं होतं. मी तिशीची, शहरातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. महालात एका दुकानामागे दोन खोल्यांत आम्ही राहायचो. यजमान खापरखेड्याच्या वीजकेंद्रात शिफ्टवर. ते येत तेव्हा मी निघालेली असे आणि मी येई तेव्हा ते. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून सायकलवरून निघायचं, तर बडकस चौकापर्यंत तो कोरडा झालेला असायचा. त्या मे महिन्यात निम्म्या सिस्टर सुट्टीवर होत्या. म्हणून माझ्याकडे स्त्रियांचा वॉर्ड होताच, वर भिंतीपलीकडचा पुरुषांचाही.

गडचिरोलीकडच्या जंगलातल्या बातम्या तेव्हा पेपरात आतल्या पानावर असत. 'चकमक' हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा नीट वाचला. एवढासा, चकाकणारा शब्द. वाचून पान उलटायचं आणि पेपर कपाटात अंथरायचा. त्या दुपारी मात्र पोलिसांच्या दोन गाड्या दवाखान्याच्या आवारात आल्या आणि तो शब्द आमच्या टेबलावर येऊन पडला. जखमांत माती होती. पालापाचोळ्याचे तुकडे होते. मी चिमट्यानं ते एकेक काढत होते आणि माझ्या डोक्यात एवढंच येत होतं, की याला पेपरवाले चकमक म्हणतात.

तीन जवान तिथंच गेले होते, त्यांना परस्पर दुसरीकडे नेलं. जिवंत आले ते दोघं. एक हरिदास नावाचा शिपाई, बावीस-तेवीस वर्षांचा, भिवापूरकडचा, पोटात गोळी. दुसरी एक बाई, मांडीत गोळी. तिच्या केसपेपरवर लिहून आलं होतं: 'अज्ञात स्त्री, वय अंदाजे तीस.' गाडीसोबत आलेला जमादार म्हणाला, "पानं तोडणारी हाय. मधात सापडली. आमची बोली तिले येत नाही अन् तिची आमाले."

तिची बोटं काळपट हिरवी झाली होती. पानांचा चीक. स्पिरिटनंही तो डाग जात नव्हता.

ऑपरेशन झालं, गोळी निघाली. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आली तशी ती एकच शब्द म्हणायला लागली. मी ऐकला तो 'पेटी'. पेटी, पेटी. आधी हळू, मग मोठ्यानं, मग माझा हात धरून. मला वाटलं, बिचारीची पेटी राहिली असेल जंगलात, काही कपडेलत्ते, चांदीचं एखादं कडं. मी रिपोर्ट बुकात लिहिलं, 'रुग्णाला तिची पेटी हवी आहे.' दारावर बसवलेल्या शिपायाला विचारलं, त्यानं गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, ड्रायव्हर म्हणाला गाडीत पेटी-बिटी काही नव्हती. शेवटी मी औषधांचा एक रिकामा खोका आणून तिच्यासमोर धरला. म्हटलं, असा होता का? एवढा? तिनं तो हातानं ढकलला आणि आपलं कपाळ बडवून घेतलं.

असे तीन दिवस गेले. जेवण ती पुढ्यातून सरकवून द्यायची. पाणी तेवढं प्यायची.

चौथ्या दिवशी फुलाबाई कामावर आली. आमच्या वॉर्डातली आया. भाचीच्या लग्नासाठी रजेवर गेली होती, देवलापारला. पन्नाशीची, जातीनं गोंड, नागपुरात तीस वर्षं काढलेली. हातात फिनाइलची बादली घेऊन ती त्या खाटेजवळून गेली आणि थबकली. बादली खाली ठेवली. बाईशी काहीतरी बोलली. बाईनं एकदम तिच्या दंडाला धरलं आणि तिच्या तोंडून शब्दांचा असा लोट निघाला, की आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया उठून बसल्या.

फुलाबाई माझ्याकडे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"सिस्टर, पेटी नाही वं. पेकी म्हणून राहिली ते. पेकी म्हणजे पोरगी."

मी उभी होते ती स्टुलावर बसले.

"तिची पोरगी होती तिच्यासंगं. सात-आठ वर्साची. पानं तोडून राहिल्या होत्या दोघी. मंग आवाज झाले. पोरीचा हात सुटला म्हणते. तवापासून सगळ्यायले तेच विचारून राहिली, माही पोरगी कुठं आहे."

तीन दिवस. मी स्वतःच्या हातानं लिहिलेलं ते वाक्य रिपोर्ट बुकात होतं. त्यावर रेघ मारून मी 'मुलगी' लिहिलं आणि पोलिसांना निरोप धाडला. तिचं नावही तेव्हाच कळलं, सोमी. मी केसपेपरवरचं 'अज्ञात स्त्री' खोडलं.

निरोपावरून एक फौजदार जबानी घ्यायला आले. मध्यमवयाचे, डोळ्यांखाली काळं आलेलं. खुर्ची ओढून बसले. त्यांनी विचारायचं, फुलाबाईनं गोंडीत सांगायचं, सोमीचं उत्तर मराठीत आणायचं. फुलाबाईनं आधीच सांगून टाकलं, "तिची बोली अन् माही बोली थोडी वेगळी आहे साहेब. अर्धं समजते, अर्धं अंदाजानं घेतो."

"तिले विचार, जंगलातले किती होते? बंदुका कशा होत्या? गावात येत होते का?"

फुलाबाईनं विचारलं. सोमी बोलली, थांबली, पुन्हा बोलली.

"ते म्हणते, पान तोडत होतो. आवाज झाला. पोरीचा हात सुटला."

"ते झालं. पहिली गोळी कोणीकडून आली?"

पुन्हा गोंडी. पुन्हा तेच. "पोरीचा हात सुटला म्हणते, साहेब. दुसरं काही सांगूनच नाही राहिली."

सोबतच्या शिपायानं कागदावर लिहिलं की साक्षीदार काही उपयुक्त सांगू शकत नाही. मी बाजूला पट्ट्या कापत उभी होते. म्हटलं, "साहेब, पण त्या मुलीचं काय? कुणी शोधतंय का तिला?"

ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले, "सिस्टर, माझी तीन पोरं तिथं पडली. त्यायचे मुडदे काढाले आमाले कितीक तास लागले, विचारू नका. वाटेत सुरुंग पेरून ठेवले आहेत. त्या जंगलात आता कोण पाठवू? वायरलेस करतो. आणखी काय करू, तुम्हीच सांगा."

मी पट्ट्या कापत राहिले.

भिंतीपलीकडे हरिदास होता. त्याची आई भिवापूरहून आली होती. मिरच्या तोडायच्या मजुरीवर जाणारी, हातांची कातडी राठ झालेली. दिवसभर पदरानं त्याला वारा घालत बसायची. वॉर्डातले पंखे गरम हवाच फिरवायचे. हरिदास पाणी मागायचा. पोटाच्या जखमेला पाणी देता येत नाही. मी ओला बोळा त्याच्या ओठांवरून फिरवायची आणि तो बोळा तो ओठांनी धरून ठेवायचा, सोडायचा नाही. "थोडंसं द्या ना वं सिस्टर. एकच घोट." मी नाही म्हणायची. बाहेर शेहेचाळीस-सत्तेचाळीस डिग्री ऊन, व्हरांड्यात गार पाण्याचे रांजण भरलेले, आणि मी दिवसातून वीस वेळा त्याला नाही म्हणायची.

एका दुपारी आई बाहेर गेलेली पाहून त्यानं मला जवळ बोलावलं.

"तिकडच्या वॉर्डात जंगलातली बाई आणली म्हणते. खरं आहे?"

"आहे. बरी होतेय."

"तिच्यासंगं पोरगी होती का?"

मी सलाईनची नळी नीट करत राहिले.

"मले एकदम दिसली होती. पिवळा झगा. मंग धूर झाला, मंग काहीच नाही दिसलं. समोर झुडूप हाललं, मी झाडली. कोण होतं मले काय मालूम? सगळेच झाडून राहिले होते. तिकडून बी, इकडून बी." त्याला धाप लागली. "ते पोरगी कशी आहे, सिस्टर?"

मला त्या क्षणी काहीही माहीत नव्हतं. मी म्हणाले, "सुखरूप आहे. आजीकडे आहे तिच्या."

त्यानं डोळे मिटले. मला अजून दिसतं, त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी, सकाळच्या राउंडच्या वेळी, तो गेला. जखम पोटात पसरली होती. आईनं आरडाओरडा केला नाही. त्याचे पाय नीट जुळवले, चादर ओढली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सिस्टर, त्यानं पाणी मांगतलं होतं. तुमी नाही म्हनल्या."

त्या बोलण्यात दोष नव्हता. फक्त असं असं झालं, एवढंच ती सांगत होती. तिनं दोष दिला असता तर मला डॉक्टरांचं नाव घेता आलं असतं, नियम सांगता आला असता. पुढे कितीतरी उन्हाळे रांजणात डोलची बुडवताना ते वाक्य मला ऐकू यायचं. आता घरात फिल्टर आहे. तरी येतं.

सोमी मात्र जेवायला लागली होती. फुलाबाईनं तिला रोज बाजूला बसून भरवलं. फुलाबाईची पाळी नसली की तिची आमची भाषा म्हणजे बोटं आणि माना. मी पट्ट्यांसाठी गॉझ कापत बसले की ती हात पुढे करायची. तुकडे घ्यायची आणि इतक्या झपाट्यानं एकावर एक रचायची, कडा जुळवून, की मी बघत राहायची. तिच्या बोटांना पानांचे पुडके बांधायची सवय होती. डाग तेव्हाही गेला नव्हता.

मधेच दाराशी कुणाची लहान पोर आली, की तिचे हात थांबायचे. पोर निघून गेली की पुन्हा चालू व्हायचे.

बाराव्या-तेराव्या दिवशी फौजदार पुन्हा आले. वॉर्डात आले नाहीत. मला व्हरांड्यात बोलावलं. बाहेर झळा होत्या, आवारातला गुलमोहर पेटल्यासारखा फुललेला. ते त्या झाडाकडे बघत बोलले.

"पोरगी सापडली, सिस्टर."

त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं.

"त्याच दिवशी गेली होती. मोहाच्या झाडाखाली पडून होती. गावातल्या लोकायनं दुसऱ्या दिवशी नेऊन पुरलं. आमच्यापर्यंत निरोप याले इतके दिवस लागले."

"गोळी कुणाची होती?"

त्यांनी टोपी काढून घाम पुसला. मग म्हणाले, "ते कुठंच लिहिलेलं नाही. अन् कोणी लिहिणार पण नाही." जाता जाता थांबले. "तिले सांगून द्या. मले नाही जमत. माझी पण त्याच वयाची आहे."

म्हणजे आम्ही 'पेटी, पेटी' करत खोका दाखवत होतो तेव्हाही ती जमिनीखालीच होती. मी लवकर समजले असते तरी काही वाचलं नसतं. हा विचार मी त्या व्हरांड्यातच केला, आणि त्यानं मला हायसं वाटलं, आणि मग हायसं वाटल्याची शरम वाटली.

सांगणार कोण? तिची भाषा येणारी एकच. मी फुलाबाईला कपड्यांच्या खोलीत नेलं आणि सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"मले नाही सांगता येत, सिस्टर. दुसऱ्या कोणाले सांगा."

"दुसरं कोण आहे, फुलाबाई?"

"तुमी या संगं."

"येते. पण शब्द तुमचेच."

आम्ही दोघी गेलो. फुलाबाई खाटेच्या कडेला बसली, सोमीचा हात हातात घेतला. मी पायथ्याशी उभी, नजर तिच्या नखांवर. फुलाबाई बोलायला लागली. हळू, थांबत थांबत, खूप वेळ. मी किंकाळीची वाट पाहत होते. सोमीचा चेहरा आधी ताठ झाला, मग सैल पडला, मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि मग ती हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिचे दात मला दिसले. तिनं माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले.

मी फुलाबाईला ओढतच बाहेर आणलं. "काय सांगितलंत तिला?"

"पोरगी आजीपाशी आहे म्हणून सांगितलं. पायाले थोडं खरचटलं, बाकी बरी आहे."

"फुलाबाई! काहून केलंत असं?"

तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी त्या पोलिसाच्या पोराले काय सांगितलं होतं, सिस्टर? मी तिथंच फडकं मारून राहिली होती."

ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "इथं सांगू तिले? या पलंगावर? इथं कोनाच्या गळ्यात पडून रडन ते? मले तिची अर्धी बोली समजते, तुमाले तेवढी बी नाही. घरी जाऊ द्या. तिचा नवरा सांगन, तिची माय सांगन. आपल्या मानसायत रडन."

मी खूप विचार केला. सोमीसमोर जाऊन खरं सांगायचं ठरवलं, तर मला त्यासाठी एकही शब्द येत नव्हता. पोलिसांना सांगितलं असतं, तर कुणीतरी दुभाष्या आणून दारातूनच ओरडून सांगितलं असतं. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "जखम भरतेय, जेवतेय, झोपतेय. आणखी आठ दिवस असंच राहू दे." मग तेही राहिलं. मी खोटं बोलले नाही असं मी स्वतःला सांगू शकत होते. पण मी रोज तिच्या खाटेजवळ उभी राहत होते आणि ती रोज माझ्याकडे बघून हसत होती.

त्याच दिवसांत तिनं इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या मागायला सुरुवात केली. पेनिसिलिनच्या त्या बोटभर काचेच्या बाटल्या, रबरी बुचाच्या. एक उचलून उजेडात धरली, हातानं खालून एवढी उंची दाखवली आणि हसली. पोरीसाठी. आम्ही त्या फेकून देत असू. मी तिच्यासाठी उकळून धुवायला लागले. ड्युटी संपायच्या आधी बेसिनशी उभी राहून एकेक बाटली धुवायची, आतलं पाणी झटकायचं, उन्हात खिडकीच्या कठड्यावर ओळीनं ठेवायची. सोमी त्यातल्या फुटक्या कडांच्या बाजूला काढायची. पोरीचा हात कापेल म्हणून.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ जखमा धुतल्या. त्या बाटल्या धुण्याइतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

महिन्याच्या शेवटी तिला सुट्टी मिळाली. पोलिसांची जीप तिकडे जाणार होती, तीत तिला जागा दिली. सकाळची वेळ, ऊन अजून अंगावर यायचं होतं. मी आणि फुलाबाई दोघी तिला सोडायला पायऱ्यांपर्यंत गेलो. ती काठी टेकत चालत होती. पाठीला फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं, पाऊल पडलं की आत काच वाजायची. फुलाबाईनं आपलं एक जुनं लुगडं तिला दिलं होतं. फुलाबाई तिच्याशी काही बोलली नाही. तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तोंड फिरवून पायऱ्या चढून आत निघून गेली.

मी एकटीच उभी राहिले. सोमी जीपमध्ये बसली. काठी आत घेतली, गाठोडं मांडीवर घेतलं. तीन आठवडे शेजारच्या खाटांवरच्या बायांचं बोलणं ऐकून तिला थोडी मराठी यायला लागली होती, हे मला माहीत होतं. 'दुखते', 'पाणी', 'बस झालं' एवढं ती म्हणायची. पण पूर्ण वाक्य तिच्या तोंडून मी त्या दिवशीच ऐकलं. बहुतेक तिनं ते रात्रभर घोकलं असावं, कारण एकेक शब्द ती सावकाश, उचलून ठेवल्यासारखा म्हणाली.

"बाई, माह्या पोरीले पाहाले येजो."

ड्रायव्हरनं जीप सुरू केली. ती उत्तराची वाट पाहत माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, "येईन."